सहकाराच्या भूमीत इंटरनेट

प्रवरा नदीच्या परिसरात, लोणी येथे १९५० साली महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांची चिकाटी आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांमुळे हे कार्य सिद्धीस गेले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यामागील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. विखुरलेल्या शेतकऱ्यांना एका विचारावर आणण्यासाठी कार्यकर्त्यांना वाड्यावस्त्या पालथ्या घालाव्या लागल्या, घरोघरी जाऊन भागभांडवल गोळा करावे लागले आणि शंकेखोरांची समजूत घालावी लागली. सहकार हा भांडवलाचा प्रश्न होता हे खरेच. परंतु त्याही आधी तो संपर्काचा आणि विश्वासाचा प्रश्न होता.

आज त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, मोबाइलवरून पाठविलेला संदेश क्षणार्धात शेकडो माणसांपर्यंत पोहोचतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, चौदा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ लाख लोकसंख्येचा हा जिल्हा आहे. येथे अंतराची अडचण पूर्वीपासूनच मोठी. ती आता बऱ्याच अंशी दूर झाली आहे. मग माणसांनी एकत्र येऊन काम करणेही तितकेच सोपे झाले आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इंटरनेटचे कार्य आणि आपल्याकडील अनुभव यांचा एकत्र विचार केला पाहिजे.

संपर्काची नवी रीत

टपाल आणि दूरध्वनी ही दोन व्यक्तींना जोडणारी साधने होत. वृत्तपत्र आणि आकाशवाणी यांच्याद्वारे एक जण अनेकांशी बोलू शकतो. पण ऐकणाऱ्याला त्याच वाटेने उत्तर देता येत नाही. इंटरनेटने यात मूलभूत बदल केला. येथे अनेक माणसे अनेकांशी एकाच वेळी बोलू शकतात. ऐकणाराच सांगणारा होतो. पाठविलेल्या मजकुराचे लहान लहान तुकडे केले जातात, ते उपलब्ध असेल त्या मार्गाने प्रवास करतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा जुळविले जातात. एक मार्ग बंद पडला तर दुसरा वापरता येतो. त्यामुळे एकाच तारेवर किंवा एकाच केंद्रावर सारा भार राहत नाही.

या व्यवस्थेचे मूळच सहकार्याच्या गरजेत आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठे व संशोधनसंस्था यांचे संगणक परस्परांना जोडण्यास प्रारंभ झाला. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना एकमेकांचे काम सहज पाहता यावे, या हेतूने टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधन केंद्रात 'वर्ल्ड वाइड वेब'ची कल्पना मांडली. १९९३ मध्ये ही पद्धती कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुली करण्यात आली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

वारणेचा धडा

सहकारी क्षेत्रात या साधनाचा वापर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील सहकारी संस्थांच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक कक्ष उभारून शेतकऱ्यांना बाजारभाव, पीकसल्ला व शासकीय योजनांची माहिती मिळावी, असा त्यामागील विचार होता.

प्रत्यक्षात या कक्षांचा मुख्य उपयोग उसाच्या व्यवहारासाठीच झाला. आपल्या उसाची तोड केव्हा येणार, वजन किती भरले, खात्यावर खत किती उचलले, हे शेतकऱ्याला कारखान्याच्या कार्यालयात न जाता गावातच कळू लागले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन शाखेने सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनी हेच काम करून पाहिले. महागड्या व विजेवर अवलंबून असलेल्या संगणकापेक्षा हा मार्ग अधिक सोयीचा ठरू शकतो, असे त्यातून दिसून आले.

या प्रयोगाला अपयश म्हणणे योग्य होणार नाही. लोकांनी आपल्या गरजेचा तेवढा भाग उचलला. जेथे संस्था होती, सभासदत्व होते आणि जाणून घेण्याजोगा रोजचा हिशेब होता, तेथे माहितीला किंमत आली. केवळ यंत्र आणून ठेवल्याने नवे व्यवहार निर्माण झाले नाहीत. सहकारी कारखाने आणि दूध संस्थांचे जाळे असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याने हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आकाशातील माहिती शिवारात

अहिल्यानगर जिल्ह्यातील पावसाचे मान फार विषम आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घाटघर परिसरात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर घाटमाथ्यापासून पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण आहेत. अशा जिल्ह्यात संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला एकच हवामान अंदाज शेतकऱ्याला पुरेसा ठरत नाही.

पाणलोट विकासाच्या क्षेत्रात १९९३ पासून कार्य करणाऱ्या 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' या संस्थेने संगमनेर व अकोले तालुक्यांतील काही गावांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व पाऊस यांच्या नोंदी या केंद्रांतून आपोआप पाठविल्या जातात. भारतीय हवामान विभागाचा अंदाज आणि कृषितज्ज्ञांचे मत यांची त्यांच्याशी सांगड घालून पीकसल्ला तयार करण्यात येऊ लागला. फवारणी करावी की थांबावे, पाणी द्यावे की नाही, अशा स्वरूपाचा हा सल्ला मराठी लघुसंदेशाने शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाऊ लागला.

या उपक्रमाचे एक वैशिष्ट्य आवर्जून सांगितले पाहिजे. हा सल्ला केवळ मोबाइलवर न पाठविता गावातील फलकावरही लिहिण्यात येई. त्यामुळे ज्याच्याकडे मोबाइल नाही अथवा ज्याला संदेश उघडता येत नाही, असा शेतकरीही त्यापासून वंचित राहत नसे. शिवाय फलकापुढे उभ्या राहिलेल्या चार शेतकऱ्यांत त्यावर चर्चाही होई. नवे साधन जुन्या साधनाला जोडून दिल्यास त्याचा लाभ किती वाढतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

माहितीकडून निर्णयाकडे

माहिती मिळाल्यावर पुढची पायरी निर्णयाची. त्यासाठी नगर तालुक्यातील हिवरे बाजारकडे पाहिले पाहिजे. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने जलसंधारणाचे जे काम उभे केले, त्याची ख्याती देशभर आहे, श्री. पवार यांना २०२० चा 'पद्मश्री' किताबही जाहीर झाला. गावात किती पाऊस पडला हे मोजले जाते, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी, त्यानंतर शेतीचे, असा क्रम ठरलेला आहे. पाऊस कमी झाला तर कोणती पिके घ्यावयाची नाहीत, हे सर्वांच्या साक्षीने ठरते. शेतीसाठी बोअर घेण्यावर गावाने स्वतःहून बंदी घातली आहे.

पर्जन्यमापकातील आकडा आज कोणालाही घरबसल्या मोबाइलवर मिळू शकेल. परंतु तो आकडा पाहून स्वतःच्या शेतातील जास्त पाण्याचे पीक सोडून देण्याची तयारी मोबाइलमधून येत नाही. ती शेजाऱ्यासमोर दिलेल्या शब्दातून येते. इंटरनेटमुळे ग्रामसभेपुढे अधिक अचूक माहिती येईल, बाहेरगावी असलेल्या ग्रामस्थांनाही तिचे निर्णय कळतील. पण ग्रामसभेची जागा त्याला घेता येणार नाही.

नोंद शेतकऱ्याच्या हाती

शासन आणि नागरिक यांच्या संबंधांतही इंटरनेटने बदल घडविला आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा ऑनलाइन मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली. पूर्वी पिकांची नोंद केवळ तलाठी करीत असत. आता शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचे नाव व क्षेत्र मोबाइलवर भरतो आणि पिकाचे छायाचित्र जोडतो. सरकारी दप्तरातील नोंद करण्याच्या कामात शेतकरी स्वतः सहभागी होतो, हा बदल लहान नाही. पीक कर्ज, पीक विमा आणि नैसर्गिक आपत्तीतील भरपाई यांचा या नोंदीशी निकटचा संबंध असल्याने ती वेळेत व अचूक होणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

मात्र साधा मोबाइल बाळगणारे वृद्ध शेतकरी, नावावर जमीन असूनही हाती मोबाइल नसलेल्या महिला आणि डोंगराळ भागात रेंजसाठी टेकडी चढणारे आदिवासी बांधव यांचा येथे विशेष विचार करावा लागतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय आहे. गावातील एखादा शिकलेला तरुण दिवसभर शिवारात फिरला, तर आठ-दहा कुटुंबांची नोंद होऊ शकते. जुन्या काळी लिहिता येणारा माणूस शेजाऱ्यांची पत्रे वाचून दाखवी व लिहून देई. त्याच सेवेचे हे आजचे रूप होय.

दूरची माणसे जवळ

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी हंगामात असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी परगावी जातात. घरी म्हातारे आईवडील आणि कित्येकदा शाळकरी मुलेही मागे राहतात. पूर्वी खुशालीचा निरोप मिळण्यास आठवडे लागत. आता रात्री फडावरून मुलाचा चेहरा पाहता येतो आणि त्याच्या अभ्यासाची चौकशी करता येते. विरहाचे दुःख यामुळे संपत नाही; परंतु काळजीचा भार काहीसा हलका होतो.

परस्परांना कधीही न भेटलेली माणसेही एकत्र काम करू शकतात, याचे उदाहरण मराठी विकिपीडिया. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात कोणीही लेख लिहू शकतो, दुसऱ्याचा लेख सुधारू शकतो आणि प्रत्येक बदलाची नोंद सर्वांना पाहता येते. येथे मोबदला नाही, पण जबाबदारी आहे. ज्याने चूक केली ती दिसते व ज्याने दुरुस्त केली तेही दिसते. सहकारी संस्थेच्या खुल्या हिशेबाशी या पद्धतीचे साम्य सहज लक्षात येईल.

विश्वासाचा गैरफायदा

ज्या वाटेने सल्ला येतो त्याच वाटेने अफवाही येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेमुळे जमावाने पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून पोटासाठी फिरत आलेले भिक्षेकरी होते. अशा अफवा त्या काळात मोबाइलवरील संदेशांतून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा आणली. परंतु खरी मर्यादा पाठविणाऱ्याच्या विवेकानेच पडू शकते. ओळखीच्या माणसाकडून आलेला संदेश आपण खरा मानतो. वस्तुतः त्याने तो कोणा अनोळखी माणसाकडूनच घेतलेला असतो. संदेश पुढे ढकलण्यापूर्वी 'हे प्रथम कोणी सांगितले?' हा एक प्रश्न प्रत्येकाने विचारला, तर अनेक अनर्थ टळतील.

आर्थिक फसवणुकीचेही तसेच आहे. बँक, वीज कंपनी वा शासकीय योजना यांच्या नावाने दूरध्वनी करून गुप्त क्रमांक विचारणारा माणूस भामटा समजावा. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडविले जाण्याची शक्यता अधिक.

गावांनी करावयाचे काम

वरील अनुभवांतून काही व्यावहारिक सूचना निघतात. गावातील मोबाइल गटावर आलेली महत्त्वाची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावरही लिहिली जावी. सहकारी संस्थांनी सभासदांना वजन, दर व कपात यांचा तपशील मोबाइलवर नियमितपणे कळवावा. गटावर चर्चा अवश्य व्हावी. परंतु गावाला बांधून घेणारा निर्णय ग्रामसभेतच घ्यावा. महिला बचत गटांच्या सभांतून मोबाइलच्या सुरक्षित वापराचे शिक्षण दिले जावे. आणि ज्यांच्या हाती हे साधन नाही, त्यांच्या नोंदींची जबाबदारी गावातील सुशिक्षित तरुणांनी वाटून घ्यावी.

पाऊण शतकापूर्वी या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी वाड्यावस्त्यांवर पायपीट करून विश्वास कमावला आणि त्या बळावर कारखाना उभा केला. ती पायपीट आता इंटरनेटने वाचविली आहे. वाचलेला वेळ आणि श्रम परस्परांची शहानिशा करण्यात, मागे राहिलेल्यांना सोबत घेण्यात आणि एकत्र बसून निर्णय करण्यात खर्च झाले, तर सहकाराची ही भूमी नव्या साधनाचाही उत्तम उपयोग करून दाखवील, यात शंका नाही.