अतिपक्व केळ्यांचे गुलगुले

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल या तालुक्यांत केळीची लागवड मोठी आहे. दूरच्या बाजारात पाठवावयाचा माल हिरवा असतानाच उतरावा लागतो. कारण पिकलेले फळ प्रवासात टिकत नाही. त्यामुळे घडावर अथवा घरी पिकून काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या केळ्यांस गिऱ्हाईक मिळत नाही व ती बहुधा उकिरड्यावर जातात. वास्तविक गोडीच्या दृष्टीने हीच केळी उत्तम होत. कारण पिकताना केळ्यातील पिष्टाची साखर होते. अशा केळ्यांचे गुलगुले करण्याची सोपी रीत आम्ही येथे देत आहो.

साहित्य : सोललेली केळी २५० ग्रॅम, किसलेला स्वच्छ गूळ १०० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, रवा २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड व तळण्यास शेंगदाण्याचे तेल. आंबूस वास येणारी अथवा बुरशी धरलेली केळी मात्र वर्ज्य करावीत.

कृती : केळी हाताने कुसकरून त्यांत गूळ मिसळावा व दहा मिनिटे ठेवावे, गूळ आपोआप विरघळतो, पाणी घालण्याचे कारण पडत नाही. नंतर रवा, मीठ, वेलदोडे व एक मोठा चमचा कडकडीत तेलाचे मोहन घालून कणीक थोडी थोडी कालवावी. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट, परंतु बोटांनी सोडता येईल इतके सैल असावे. रवा फुगण्यासाठी ते वीस मिनिटे झाकून ठेवावे.

तळणे : पुष्कळांचे गुलगुले येथेच बिघडतात. गूळ व केळे यांतील साखर लवकर करपते. तेल फार तापले तर बाहेरून काळे व आतून कच्चे राहतात, आणि तेल थंड असल्यास ते तेल पितात. पिठाचा थेंब तळाशी जाऊन सावकाश वर आला म्हणजे तेल योग्य तापले असे समजावे. लिंबाएवढे गोळे सोडून मंद आचेवर, मधून मधून फिरवीत, तांबूस होईपर्यंत तळावेत. पहिला गुलगुला फोडून पाहावा. आत ओलसर पीठ दिसल्यास आच कमी करावी, व तो तेलात फुटल्यास आणखी थोडी कणीक मिसळावी.

वरील प्रमाणात सुमारे वीस गुलगुले होतात. आत ओलावा असल्याने ते दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावेत. मळ्यावर न्यावयाच्या न्याहारीस व मुलांच्या खाऊस हा पदार्थ सोयीचा असून, विकत आणावयाचे त्यात फारसे काही नाही. घरच्या मालाचा असा उपयोग गृहिणींनी अवश्य करून पाहावा, अशी आमची सूचना आहे.