आजोबांची आगगाडी आणि नातवाचे इंजिन

खेळण्यातील आगगाडी म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किल्ली देताच गर्रकन धावत सुटणारे आणि भिंतीवर आपटून उलटे पडणारे पत्र्याचे इंजिन उभे राहते. युरोप-अमेरिकेत मात्र या खेळण्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तेथील कित्येक घरांत ते लहानांपेक्षा थोरांच्याच अधिक जिव्हाळ्याचे असते. नाताळ जवळ आला की माळ्यावरची पेटी खाली उतरते, नाताळवृक्षाच्या बुंध्याभोवती रूळ मांडले जातात आणि आजोबांच्या लहानपणीचे जड लोखंडी इंजिन पुन्हा एकदा घरघरू लागते. त्याच सणाला नातवाच्या हाती नवी गाडी पडते. ती मोबाइल फोनवरून चालते, खऱ्या इंजिनाप्रमाणे उसासे टाकते व शिटी वाजवते. मग घरात प्रश्न निघतो: या दोघी एकाच रुळावर धावतील काय, की जुनीने आता काचेच्या कपाटात जाऊन बसावे?

हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. जुनी गाडी एकदा कपाटात गेली की ती चालविण्याची विद्याही तिच्याबरोबर कपाटात जाते. आजोबांच्या पाठीमागे ती पेटी कोणातरी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या हवाली होते, आणि तिचा कोणता खटका कशासाठी होता हे सांगावयास घरात कोणी उरत नाही.

दोन पिढ्यांच्या गाड्या एकत्र धावू शकतात याचे श्रेय ज्यांनी रुळांची मापे ठरवून दिली त्यांना आहे. जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या मेर्क्लिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाच्या रुळांवर धावणारी, वर्षावर्षाला वाढविता येईल अशी आगगाडी मांडली. त्यापूर्वी प्रत्येक कारागीर आपल्या मनाला येईल त्या रुंदीचे रूळ करी. आता मात्र मापांना क्रमांक मिळाले. एक क्रमांकाचे माप ४५ मिलिमीटरचे, आणि पुढे आलेले शून्य क्रमांकाचे ३२ मिलिमीटरचे. यंदा इंजिन घ्यावे, पुढच्या नाताळला दोन डबे घ्यावेत, त्यापुढील वर्षी एखादे स्थानक. व्यापाऱ्याचा त्यात लाभ होता हे उघड आहे, पण आज नातवाचा डबा आजोबांच्या रुळावर बसतो तोही त्याच युक्तीमुळे.

अमेरिकेतील लायनेल गाड्यांची कथा यापेक्षा गमतीची आहे. जोशुआ लायनेल कोवेन या तरुणाने १९०० च्या सुमारास न्यू यॉर्क शहरात विजेवर चालणारा एक उघडा डबा तयार केला. तो खेळणे म्हणून नव्हेच. दुकानाच्या दर्शनी खिडकीत तो गोल गोल फिरावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष मालाकडे वेधावे एवढाच हेतू. पण गिऱ्हाईकांना माल राहिला बाजूला, तो डबाच हवासा वाटू लागला! १९१५ पासून लायनेलने शून्य मापाच्या गाड्या काढल्या. त्या मापाचे, मधोमध तिसरा रूळ असलेले मार्ग आजही विकले जातात.

हा तिसरा रूळ पुष्कळांना खटकतो. खऱ्या आगगाडीला तो नसतो, तेव्हा खेळण्यात तरी का असावा, असे ते म्हणतात. परंतु त्यामागे विजेचे साधे गणित आहे. मधल्या रुळातून वीज इंजिनात शिरते व बाजूच्या दोन्ही रुळांतून परत जाते. त्यामुळे गाडी वळसा घालून आल्या वाटेने परत फिरली तरी डावा-उजवा असा घोटाळा होत नाही. दोनच रूळ असलेल्या मार्गावर असा वळसा घातला की दोन्ही बाजूंच्या विजा एकमेकींना भिडतात, आणि ते टाळावयास निराळी योजना करावी लागते. मेर्क्लिनने १९३५ मध्ये काढलेल्या लहान मापाच्या गाड्यांनाही मधला रूळ होता. पुढे १९५० नंतरच्या वर्षांत त्याच्या जागी बारीक खिळ्यांची रांग आली, ती लांबून दिसतही नाही. डोळ्यांचे समाधान झाले आणि जुनी इंजिनेही निकालात निघाली नाहीत. माझ्या मते या उद्योगातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.

रूळ जुळले तरी वीज जुळतेच असे नाही. खरा धोका येथेच आहे. जुन्या लायनेल गाडीत ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवावी तशी रुळांतील वीज कमी-अधिक होते आणि तिच्याबरोबर वेग. क्षणभर वीज तोडून पुन्हा दिली की इंजिनाच्या पोटातील खटका एक घर पुढे सरकतो: पुढे, स्वस्थ, मागे, पुन्हा स्वस्थ. नव्या पद्धतीत रुळांत सदैव सुमारे १८ व्होल्ट खेळत असतात, आणि कोणत्या इंजिनाने काय करावे हा हुकूम स्वतंत्रपणे जातो. अशा भरल्या रुळांवर आजोबांचे इंजिन ठेविले तर ते हुकमाची वाट पाहत नाही. पूर्ण वेगाने सुटते, आणि पहिल्याच वळणावर मेजाखाली उडी घेते.

याच्या उलटही घडते. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर नवे इंजिन चालवीत असता एखादा डबा रुळावरून घसरला, तर क्षणार्धात विजेचा जो उसळता झटका बसतो तो नव्या इंजिनातील नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना सोसत नाही. जुन्या यंत्रातील वीज तोडणारा खटका सावकाश चालणारा, तो त्यास वाचवू शकत नाही. मेर्क्लिनच्या जुन्या निळ्या ट्रान्सफॉर्मरांचे तसेच आहे. ते २२० व्होल्टसाठी बांधलेले असून आज घरोघरी २३० व्होल्ट येतात. गाडीची दिशा बदलताना ते जो धक्का देतात तो नव्या इंजिनाच्या मेंदूला जाळू शकतो. म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मरला मानाने निवृत्त करावे. जुने इंजिन नव्या, सुरक्षित ट्रान्सफॉर्मरवर तितक्याच आनंदाने धावते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचे नातलग परदेशी आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. अमेरिकेतून आलेला जुना ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या घरच्या विजेला सरळ जोडला तर गाडी हलण्यापूर्वी धूर निघेल, आणि तो धुराड्यातून नव्हे! नव्या संचाच्या विद्युत्-जोडावर १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे की नाही ते प्रथम वाचावे. कापडी आवरणाची, चिरलेली वायर तर मुलांच्या हाती कदापि देऊ नये. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळापासून ती गाडी दूरच बरी.

मेजावर मांडणी करावयाची तर दोन स्वतंत्र वर्तुळे करावीत. लायनेलचे जुने नेहमीचे वळण ३१ इंच व्यासाचे असे, आणि त्या काळची इंजिने मुद्दाम आखूड घडविलेली असत. आजची इंजिने खऱ्या इंजिनांच्या प्रमाणात लांबलचक असतात. त्यांतील काहींना ५४, तर काहींना ७२ इंचांचे वळण लागते. साहजिकच बाहेरचे वर्तुळ नव्या गाडीचे व आतले जुनीचे. मोठ्या दिमाखाने आलेली नवी राणी ज्या कोपऱ्यात अडते, तेथून म्हातारी सहज वळून जाते.

नव्या गाडीला नावे ठेवणे सोपे आहे, पण अन्यायाचे. प्रसिद्ध गायक नील यंग हे १९९५ मध्ये लायनेल विकत घेणाऱ्या गटात होते. त्यांच्या एका मुलाला जन्मापासून मेंदूच्या विकारामुळे हातपाय हलविणे कठीण. त्यालाही गाडी चालविता यावी या तळमळीने त्यांनी दुरून हुकूम देण्याच्या साधनांवर परिश्रम केले. ज्या मुलाला जुन्या ट्रान्सफॉर्मरची मूठ कधीच फिरविता आली नसती, त्याला एका मोठ्या बटणाने इंजिन चालविता येऊ लागले. ही नव्या विद्येचीच देणगी.

आपल्या ग्वाल्हेरकर वाचकांना मेजावरच्या आगगाडीचे नवल वाटावयाचे कारण नाही. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील चांदीची आगगाडी त्यांनी पाहिलीच असेल. तिच्या डब्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावाचे एकेक अक्षर आहे. मद्य व चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे, आणि कोणी सुरई उचलली की थांबे, असे सांगतात. त्याच संस्थानातील दोन फुटी रुळांची खरी गाडी ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर धावत असे, ती २०२० मध्ये बंद झाली. पुण्यास जाणे झाले तर कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. ते १९९८ पासून चालू असून वाफेच्या इंजिनापासून आधुनिक गाड्यांपर्यंत सारा परिवार तेथे एकाच मांडणीवर नांदतो.

राहिली जुन्या गाडीची निगा. पेटीतून काढताच तिला वीज देऊ नये. प्रथम ओतीव भाग न्याहाळावेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ झालेली असली तर धातू फुगतो, त्याला भेगा पडतात व शेवटी त्याचा चुरा होतो. यावर औषध नाही. तसे इंजिन मात्र खरोखरच कपाटात ठेवावे. धातू शाबूत असेल तर चाकांच्या आसांवर हलक्या तेलाचा एकेकच थेंब द्यावा, दातेरी चाकांना थोडे ग्रीस लावावे, आणि मोटारीच्या तांब्याच्या कड्याला तेल लागू देऊ नये. तेथे स्पिरिटमध्ये भिजविलेली चिंधी फिरविणे पुरे. १९४६ नंतरच्या धूर सोडणाऱ्या इंजिनांत त्या काळी लहानशी गोळी टाकीत, आज त्यासाठी तेल मिळते. तेही थेंबांनीच मोजून घालावे. रूळ पुसताना तारेची घासणी मात्र वापरू नये, कारण तिचे बारीक तंतू रुळावर राहतात आणि नव्या-जुन्या दोन्ही इंजिनांच्या मोटारींत जाऊन चुंबकाला चिकटतात.