भात आले, उंदीर आले

कार्तिकात राजूरच्या परिसरात भाताची कापणी जोरात असते, आणि खाचराच्या बांधात पावसाळाभर सुखाने नांदलेल्या कुळांवर बिऱ्हाड हलवायची वेळ येते. उभे पीक गेले, आडोसा गेला, खाणे गेले. मग घुशी आणि उंदीर भाऱ्यांच्या मागोमाग खळ्यावर आणि खळ्यावरून घराकडे सरकतात. अकोले तालुक्याच्या या डोंगराळ पट्ट्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर, वर्षाचे भात घरातच ठेवायची रीत आहे: कणगीत, पोत्यात, माळ्यावर. वर कौले, मध्ये लाकडी वासे, खाली सारवलेली जमीन. उंदराने स्वतः नकाशा काढून घर बांधून घेतले असते, तरी याहून वेगळे काही मागितले नसते.

स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी हसू नये. तिथे मोरीचा पाइप असतो, गॅसच्या नळीसाठी पाडलेले भोक असते, दाराखालची फट असते. अगदी लहान जातीच्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी. मोठ्याला बारा-तेरा मिलिमीटर लागतात. डोके आत गेले की उरलेले अंग तो ओढून घेतो.

उंदरांचा उपद्रव वाढला की दुकानातून औषधाची पुडी आणायची, ही आपली जुनी सवय. हल्ली तालुक्याच्या गावांतही पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावले जाते. त्याच्याकडून बहुतेकांची अपेक्षा मात्र पुडीचीच असते, फक्त जरा जालीम. जाणकार माणूस नेमका इथेच वेगळा निघतो. पहिल्या भेटीत तो औषध बाहेरच काढत नाही. टॉर्च काढतो आणि गुडघ्यांवर बसतो.

तो शोधतो लेंड्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर लहान उंदीर. सेंटिमीटरभर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर घरउंदीर. त्याहून जाड असतील आणि अंगणात उकरलेल्या मातीचा ढीग असेल तर घूस. ताजी लेंडी काळी, मऊ, चकचकीत असते. जुनी दाबली की भुगा होतो. मग तो भिंतीच्या कडेने टॉर्च फिरवतो. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा धावत नाही, मिशा भिंतीला लावून चालतो, आणि रोज त्याच वाटेने. त्याच्या अंगाचा तेलकटपणा भिंतीला लागून काळपट पट्टा उमटतो. कौलारू घरात वासा भिंतीवर टेकतो तिथे असा डाग हमखास दिसतो. घरच्यांना तो वर्षानुवर्षे चुलीच्या धुराचा वाटत आलेला असतो. शंका उरली तर रात्री वाटेवर चिमूटभर पीठ भुरभुरायचे. सकाळी पावले मोजता येतात.

एवढी चौकशी कशासाठी? कारण तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. घरउंदीर चढणारा, त्याची शेपटी अंगापेक्षा लांब. त्याच्यासाठी जमिनीवर पिंजरा लावून उपयोग नाही, माळ्यावर लावावा लागतो. घूस खणणारी, तिचा बंदोबस्त अंगणात आणि गटाराशी. लहान उंदीर आपल्या बिळापासून फार लांब जातच नाही, त्यामुळे कपाटामागे दर दोन-तीन मीटरला काहीतरी लावावे लागते. जात ओळखल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पाकीट.

आणि मेलेले उंदीर मोजून काम मोजायचे असे ठरले तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला. सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याची नोंद होती. म्हणजे दिवसाला ४५ हजारांहून जास्त! सभागृहात हशा पिकला, बातमी देशभर गेली. नंतर सरकारकडून खुलासा आला की हा आकडा उंदरांचा नव्हे, विषारी गोळ्यांचा आहे. डोंगर पोखरून उंदीर काढणे ही म्हण जुनी. इथे कागद पोखरल्यावर गोळ्या निघाल्या. पण गोळ्या किती टाकल्या याला तरी काय अर्थ आहे? पीठ भुरभुरलेल्या वाटेवर आठवडाभर एकही पाऊल उमटले नाही, हा खरा हिशेब.

पिंजरा आणि चाप ही साधने जुनीच आहेत, धंद्यातला माणूस ती वापरतो वेगळ्या रीतीने. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर काढायची सोय नसल्यामुळे तो प्रत्येक नव्या वस्तूकडे संशयाने बघतो, नवे खाणे थोडे चाखतो आणि थांबतो. म्हणून चाप पहिले दोन-तीन दिवस न ताणताच ठेवायचा, वर रोज खाऊ. भीड चेपली की सगळे चाप एकाच रात्री ताणायचे. चाप भिंतीला काटकोनात ठेवायचा, खाऊची बाजू भिंतीकडे. खाऊही तोच, ज्याची त्या घरातल्या उंदराला सवय आहे. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत, पण भाताच्या कणगीवर पोसलेल्या उंदरापुढे पेढा ठेवून फार उपयोग नाही. भजे किंवा सुके खोबरे ही घरातली ओळखीची चीज तिथे लवकर काम करते, शिवाय ती भातापेक्षा वासाला उग्र. चिकट पाट्यांवर उंदीर तासन्‌तास तडफडत राहतो. अनेक राज्यांनी त्यांवर बंदी आणली आहे, आणि ती योग्यच आहे.

आता औषध. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या भागात बुरशी आलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातले द्रव्य सापडले आणि त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ च्या सुमारास ते उंदरांचे औषध म्हणून बाजारात आले. पुढे तेच रक्त पातळ ठेवण्यासाठी माणसांनाही देऊ लागले. उंदीर त्याला सरावले तेव्हा ब्रोमाडिओलोनसारखी जास्त तीव्र औषधे आली. आज ‘केक’ म्हणून जी निळी-हिरवी वडी मिळते, तिच्यात बहुधा हेच असते, प्रमाण अवघे ०.००५ टक्के. ती खाल्ल्यावर उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना वडीचा संशय येत नाही. वडी खाल्लेला उंदीर पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतो, ही मात्र थाप आहे. तो जिथे असेल तिथे मरतो, कधी कपाटामागे, कधी छताच्या पोकळीत, आणि पुढचा आठवडा घर नाक धरून बसते. म्हणूनच शहाणा माणूस घरात चाप लावतो आणि वडी बाहेर, कुलूपबंद डब्यात ठेवतो.

शेतातले झिंक फॉस्फाईड ही वेगळीच गोष्ट. ९६ भाग भरड धान्य, २ भाग तेल, २ भाग औषध हे प्रमाण शेतकऱ्यांना पाठ असते. पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. बांधावरच्या बिळासाठी आणलेली ती पुडी घरात फळीवर राहते, तिथूनच अपघात सुरू होतात. राहत्या घरात वायू सोडणारे औषध वापरले तर काय होते? नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूरमध्ये एका घरात पेस्ट कंट्रोलवाल्यांनी उंदरांचे औषध ठेवले, कुटुंब रात्री एसी लावून झोपले, आणि दोन लहान भावंडे दगावली. घरी येणाऱ्या माणसाकडे कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागायला संकोच कसला? काय वापरणार आहात, त्याचे नाव कागदावर लिहून घ्या. चुकून कुणाच्या पोटात गेलेच, तर दवाखान्यात जाताना पाकीट बरोबर न्या. ब्रोमाडिओलोनवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, उंदरांसाठीच मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमावर तसा उतारा नाही. डॉक्टरांना पहिल्या तासात हेच कळायला हवे असते.

मांजराचे काय, हा प्रश्न राजूरला कुणीही विचारील. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये संशोधकांनी उंदरांनी भरलेल्या एका आवारात ७९ दिवस कॅमेरे लावले. तिथे वावरणाऱ्या मांजरांनी तेवढ्या दिवसांत मारले किती, तर दोन. मांजर दिसले की मोठे उंदीर लपून बसतात आणि मालकाला वाटते, संपले. लहान उंदरांवर मांजर चालते. घुशीच्या वाटेला ते जात नाही.

मारण्याची घाई कधी उलटतेही. ऑगस्ट १९९४ मध्ये, किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले असताना, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना गाठीचा ताप आला. प्लेगच्या साथीत उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे अंग शोधतात. म्हणून अशा वेळी आधी पिसवांवर भुकटी आणि मगच उंदरांवर उपाय, असा क्रम असतो. साथ नसतानाही लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीच मिसळलेले पाणी शिंपडायचे, थोडे थांबायचे, हातमोजे घालून पुसून घ्यायचे. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून येतो आणि भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्याला त्याचा धोका जास्त.

उरले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात टिकाऊ काम, ज्याला धंद्यात ‘प्रूफिंग’ म्हणतात. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. पन्नास मारले आणि भोक उघडे राहिले तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी. फोम आणि प्लास्टिक उंदीर एका रात्रीत कुरतडतो. कणगी भिंतीपासून दूर, अडीच फूट उंच पायांवर, आणि प्रत्येक पायाला उपड्या नरसाळ्यासारखी पत्र्याची टोपी. तिच्याखाली उंदीर येतो आणि थांबतो. या कामाला पेस्ट कंट्रोलवाला लागतोच असे नाही, गवंडी पुरतो.

दिवाळीची साफसफाई या भागात भाताच्या कापणीच्या तोंडावरच येते. यंदा रंगाचा डबा आणाल तेव्हा सोबत दोन किलो सिमेंट आणि हातभर बारीक जाळी आणा, आणि सुरुवात मोरीपासून करा.