पेडलचे रबर

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. वय पस्तीस, नोकरी बरी, घराचे हप्ते चालू. गेल्या मार्चमधल्या एका रात्री त्याचा फोन आला. ‘मामा, स्पोर्ट्स कार घेतोय. जुनी आहे. तुम्ही बँकेत असताना गाड्यांना इतकी कर्जं दिलीत, जरा कागद बघून सांगा ना.’

मी आयुष्यात स्पोर्ट्स कार चालवलेली नाही. तिच्यात बसायला वाकावे किती लागते, एवढेच पाहून मला धडकी भरते. पण ‘कागद बघा’ म्हटले की निवृत्त बँकवाल्याचा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

गाडी होती माझदा एम.एक्स.-५. दोन माणसांची, कापडी टपाची, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. एम.जी., ट्रायम्फ, लोटस या जुन्या इंग्लिश उघड्या गाड्या दिसायला देखण्या, चालवायला मजेच्या. पण तेल गाळण्याबद्दल आणि नेमक्या पावसात रुसण्याबद्दल त्यांची ख्याती होती. जपान्यांनी घाट तोच उचलला आणि रोज सकाळी चालू होणारी गाडी बनवली. २०१६ साली त्यांची दहा लाखावी गाडी तयार झाली. साहजिकच इंग्लंडात जुन्या एम.एक्स.-५ मुबलक, सुटे भाग मिळतात आणि मध्यमवर्गीयाची हौसही भागते.

भाच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक २००३ सालची, १,३८,००० मैल धावलेली, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास. दुसरी २००४ सालची, फक्त ४६,००० मैल, लालभडक, चकाचक आणि किंमत दीडपट. भाच्याचे मन अर्थातच लाल गाडीवर बसले होते.

इथे मला सांगलीची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९१ साली मी तिथल्या एका शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. भाजीची वाहतूक करणाऱ्या एका माणसाला जुनी मॅटॅडोर घ्यायची होती. मीटर ३४,००० दाखवत होता. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा पाच शून्ये. हे मला ठाऊक होते. तरी मूल्यांकन करणाऱ्याने ३४,००० लिहिले म्हणून मीही कर्जप्रस्तावात ३४,०००च लिहिले. पाचव्या महिन्यात इंजिन बसले. मिस्त्रीने इंजिनाकडे पाहिलेही नाही. दार उघडून त्याने क्लचच्या पेडलवर बोट ठेवले आणि मला म्हणाला, ‘साहेब, चौतीस हजाराला रबर असं गुळगुळीत होतंय होय?’ इंजिनाच्या कामासाठी दुसरे कर्ज देणे नियमात बसत नव्हते. त्या गृहस्थाने बायकोच्या पाटल्या मोडल्या, इंजिन बांधून घेतले आणि पै न् पै फेडली. खाते नियमित बंद झाले. माझ्यावर ठपका आला नाही. त्या पाटल्या मी पाहिल्यासुद्धा नव्हत्या, पण अजून आठवतात.

म्हणून भाच्याला म्हटले, मीटर राहू दे. पेडलचे रबर बघ, स्टिअरिंगची चकाकी बघ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघ. गाडी बुटकी, आत शिरताना माणूस त्या कडेवरून घसरतोच. जितक्या वेळा घसरला तितकी ती झिजणार. हल्लीचे मीटर काट्याचे नसून इलेक्ट्रॉनिक असले, तरी त्यांचा आकडाही मागे घेणारे कारागीर आहेत.

तिकडे एक सोय मात्र हेवा वाटावा अशी आहे. गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरसाल एम.ओ.टी. नावाची तपासणी करून घ्यावी लागते. त्या दिवशीचा मीटरचा आकडा, नापासाची कारणे, ‘याकडे लक्ष द्या’ अशा सूचना, सगळे नोंदले जाते आणि गाडीचा नंबर घातला की सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते. मी इथे बसून दोन्ही गाड्यांचे उतारे वाचले. आयुष्यभर खातेउतारे वाचलेल्या माणसाला याहून सुखाची रात्र कोणती?

जास्त धावलेल्या गाडीचा उतारा सरळ होता. दरसाल सहा-सात हजार मैल, खंड नाही. ब्रेक झिजले, पुढच्या वर्षी नोंद गायब. सस्पेन्शनचे बुश गेले, बदलले. थकबाकी येते आणि फिटते, असे ते खाते. लाल गाडी मात्र सहा वर्षांत मिळून नऊशे मैल हलली होती. लोकांना वाटते, न वापरलेली गाडी म्हणजे कपाटातली पैठणी. पण उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, रबरी सील वाळतात, टायर नक्षी शाबूत असूनही म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भाच्याने वाचले, टायर अकरा वर्षांचे निघाले! शिवाय सलग तीन तपासण्यांत खालच्या पत्र्याच्या गंजाची सूचना होती आणि चौथ्या वर्षी अचानक काहीच नाही. भाच्याने वाकून फोनचा कॅमेरा गाडीखाली धरला, तेव्हा सगळीकडे ताजा, जाड, काळा थर दिसला. तपासणीत काहीही उघडून पाहत नाहीत, हे विकणाऱ्याला पुरते ठाऊक असावे.

या गाडीचे इंजिन चिवट, तिचा खरा काळ म्हणजे गंज. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. १९९८ ते २००५ च्या दुसऱ्या पिढीत पुढचे चॅसिसचे दांडे आतून सडतात, बाहेरून रंग मात्र ठीक दिसतो. मागे वेगळाच प्रकार. कापडी टपाच्या मुळाशी, सीटच्या मागे, आत एक पन्हाळ असते. तिच्यातले पावसाचे पाणी दोन नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडायचे. नळ्यांत पाने आणि माती अडकली की पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत साचते आणि ती पेटी कुजते. पागोळ्यांच्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगायला नको. पन्हाळीत आंब्याचा पाला साठला की कोणती भिंत ओली होते, ते आम्हाला लहानपणापासून पाठ. तेव्हा सीटमागच्या गालिच्यावर तळवा दाबून ओल बघायची, आणि पैसे देण्याआधी गाडी याच मोटारीचे काम करणाऱ्या गॅरेजमध्ये उचलून खालून पाहायची. त्याचे चार पैसे लागतात. वाचवू नयेत.

इंजिन थंड असतानाच चालू करायला लावावे. विकणाऱ्याने ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली’ म्हटले की बॉनेटवर हात ठेवून घरी जावे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. थंडीत दुसरा गिअर जरा अडतो, तो या गाडीचा स्वभाव. गरम झाल्यावरही करकरला तर मात्र गिअरपेटीचे दुखणे.

कागदांचे थोडके सांगतो. आपल्याकडे आर.सी.वर कर्जाचा बोजा चढतो. तिकडच्या लॉगबुकात तो दिसत नाही आणि त्यातले नाव मालकीचा पुरावाही नसते, म्हणून थोडे पैसे भरून वेगळी चौकशी करावी लागते. तिच्यात अपघाताने विम्यात निकाली निघालेली गाडीही कळते. ऑक्टोबर २०१७ पासून सांगाड्याला इजा असेल तर ‘एस’, नसेल तर ‘एन’ असा शिक्का असतो.

भाच्याने जास्त धावलेली गाडी गॅरेजात उचलून पाहिली. पुढचे दांडे ठणठणीत. मागे डाव्या बाजूला पत्रा कापून नवा जोडलेला, त्याची पावती फाईलमध्ये. एकच गोष्ट खटकली. टायमिंग बेल्ट साधारण साठ हजार मैलांनी बदलतात. ६१,००० ची पावती होती, दुसरी नव्हती. विकणारे आजोबा म्हणाले, ‘बदलला असणार.’ मी फोनवरून भाच्याला म्हटले, ‘अरे, पावती नाही म्हणजे बदलला नाही, असंच धर आणि तेवढे पैसे कमी कर.’ आजोबांनी कुरकुरत का होईना, कमी केले. गाडी घेतली.

एप्रिलमध्ये नवा बेल्ट बसला. पन्हाळीच्या नळ्या त्याने स्वतः साफ केल्या. वाटीभर काळा चिखल निघाला म्हणे. मग त्याने एक फोटो पाठवला, क्लचच्या पेडलचा. रबर पार गुळगुळीत झाले होते. खाली लिहिले होते, ‘मामा, हे बदलू का?’