आत्मविश्वासाची बांधणी

स्वतःवर विश्वास ठेवणें आणि स्वतःच्या गरजेला मान देणें हे गुण बहुधा जन्मजात स्वभावाचे मानले जातात. कोणाच्या अंगीं ते असतात, कोणाच्या नसतात, एवढें म्हणून विषय संपविला जातो. परंतु हे गुण शिकतां येतात. संकटानें हिरावून नेले तरी पुन्हा मिळवितां येतात. मराठवाड्यांतील लातूर जिल्ह्याचा अनुभव या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

नांदेडपासून लातूरपर्यंत खेड्यांतील जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. जाडजूड दगडी भिंती, आंत लांकडी खांब व तुळया, आणि वर मातीचा थर. असें घर उन्हाळ्यांत गार राहतें. मात्र पावसाळ्यापूर्वीं छतावर नवी माती घालण्याच्या रीतीमुळें त्याचें वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गांवें झोपेंत असतां, औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. ज्या भिंतींनीं आसरा दिला त्यांच्याच खालीं माणसें गाडलीं गेल्यामुळें वांचलेल्यांच्या मनांत दगडाचें भय बसलें. घराबरोबर स्वतःच्या पारखीवरचा विश्वासही कोसळला.

वास्तविक दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. भिंतीचे आंतला व बाहेरचा असे दोन पदर उभे करून मध्यें मातीगोटे भरलेले असत. दोन्ही पदरांना सांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा नसत. धक्का बसतांच पदर फांकले, भिंती फुटल्या आणि वरचें ओझें खालीं आलें. उपायही तितकाच स्पष्ट होता: छतावरची माती कमी करावी, आरपार दगड घालावेत, कोपरे पक्के बांधावेत आणि घराभोवतीं काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा.

पुनर्वसनाचे दोन मार्ग निघाले. ५२ गांवें नव्या जागीं हलविण्यांत आलीं. तेथें जमिनीच्या मानानें २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. सरळ, रुंद रस्तेही आले. परंतु वाड्याचें अंगण आणि हांकेच्या अंतरावरचा शेजार त्या आंखणींत बसला नाहीं. पुढें लोकांनींच आपल्या हातांनीं आवार घातलें, गुरांचा आडोसा केला, जादा खोल्या जोडल्या. दुर्लक्षिलेली गरज नाहींशी होत नाहीं. ती आपली वाट काढतेच.

दुसरा मार्ग अधिक कठीण होता. ज्या गांवांना हलविलें नाहीं, तेथें शासनानें हप्त्यांनीं साहाय्य द्यावें आणि घराची दुरुस्ती मालकानें स्वतः करावी, असें ठरलें. पण ज्याचा स्वतःवरच विश्वास उरला नाहीं, त्यानें निर्णय कसा घ्यावा? येथें स्त्रिया पुढें आल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रयत्नानें गांवोगांवच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून काम करूं लागल्या. पूर्वीं ज्यांचा आवाज ग्रामसभेंत क्वचितच उठे, त्या आतां हप्ता कोणाला मिळाला, सिमेंट किती लागेल, पट्टा कोठें हवा, हें विचारूं लागल्या. चूल कोठें, उजेड कोठून, न्हाणीला आडोसा कसा, याचें ज्ञान त्यांना आधींपासूनच होतें. तें ज्ञान बोलून दाखविण्याजोगें आहे, ही जाणीव मात्र नवी होती.

सर्वच निर्णय तज्ज्ञांच्या मनासारखे झाले नाहींत. अनेक कुटुंबांनीं जुनें घर मजबूत करण्याऐवजीं त्याच पैशांत एक नवी पक्की खोली बांधली. त्यांत भयाचा वांटा होता, तसाच निर्धास्त झोपेच्या गरजेचाही होता. ती गरज क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. तथापि जुन्या घराचा धोका त्यामुळें टळला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

२००१ सालीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां लातूर भागांतील कांहीं स्त्रिया तेथें आपला अनुभव सांगण्यास गेल्या. स्वतःचें घर पडलेलीं माणसें दुसऱ्यांना घर उभारण्याचा धीर देऊं लागलीं.

आत्मविश्वास म्हणजे आपलें तेंच खरें असा हट्ट नव्हे, हें यावरून दिसतें. आपल्याला काय हवें तें प्रथम निःसंकोच बोलावें, जाणत्याला विचारावें, त्याचें म्हणणें स्वतः पडताळून पाहावें, आणि मग निर्णयाची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी. शहरांतील सुशिक्षित घरांतही मुलाचें शिक्षण, घरखर्च, आजारपण यांचे निर्णय एकाच्या मुखानें होतात आणि बाकीचे मूक राहतात. त्या मूक माणसांना त्यांची गरज विचारणें आणि त्यांनीं ती सांगण्यास शिकणें, या दोन गोष्टी घराचे दोन पदर एकत्र सांधतात.