कॅम्प दापोली आणि आपला नंदुरबार

मंडळी, जालंधरची छावणी आणि परदेशी गेलेली तिथली माणसं आपण ऐकून असतो. त्याच जातीचं एक गाव कोकणात आहे. दापोलीला जुनी माणसं आजही ‘कॅम्प’ म्हणतात. १८१८ नंतर कंपनी सरकारने तिथे छावणी वसवली. पुढे पलटण गेली, पेन्शनर राहिले. घर इथे, कमाई दूरची. पेन्शनमागून मुंबईची मनीऑर्डर आली, मग आखातातला पैसा.

पण आम्हांला पैशापेक्षा शाळा मोठी वाटते. कंपनीच्या पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीत राहिले. त्यांचे चिरंजीव भीमराव १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

आता आपल्याकडे बघू. इथून ऊसतोडीला अख्खं बिऱ्हाडच गुजरातेत जातं. नाव हजेरीपटावर, पोर उसाच्या फडात. म्हणून स्थलांतर चांगलं की वाईट, एवढंच विचारून भागत नाही. माणूस जातो तेव्हा त्याच्या पोराची शाळा कुठे असते, हे आधी विचारू या.