मासिकांतील सर्किट आणि मुक्त प्रणाली

पावसहून रोज एसटीनें रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनांत जाणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढें आणावा. घरच्या आंब्याच्या बागेंतील पाण्याची टाकी भरली कीं पंप आपोआप बंद व्हावा, एवढीच त्याची इच्छा. एका मासिकांत त्याला अशा योजनेचें सर्किट सांपडतें. परंतु मासिकांतील पंप निराळा, टाकी निराळी, आणि गांवांतील विजेचा दाब कधीं कमी तर कधीं जास्त. आकृतींत फेरफार केल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो फेरफार बरोबर आहे कीं नाहीं, हें कसें कळावें?

पूर्वीं याला उत्तर एकच होतें. सुटे भाग आणावे, डाख द्यावा, वीज सोडावी, आणि धूर निघाल्यास पुनः आरंभ करावा. आतां हें काम आधीं संगणकावर करतां येतें. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम सर्किटाची आकृति काढावयाची; मग ठिकठिकाणचा दाब व प्रवाह गणितानें काढून चूक शोधावयाची; आणि शेवटीं, तांब्याच्या रेषा उमटवून ज्या पाटीवर भाग बसवितात त्या पीसीबीचा आराखडा करावयाचा. या कामाच्या धंदेवाईक प्रणाली बहुधा फार महाग असतात. मग चोरून उतरविलेली प्रत हातीं येते, आणि विद्येचा आरंभच अप्रामाणिकपणानें होतो.

मुक्त प्रणालींनीं यांतून वाट काढली आहे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे; तिची घडण उघडी असते, व ती पाहण्याची, सुधारण्याची आणि दुसऱ्यास देण्याची सर्वांस मुभा असते. अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत तयार झालेली ‘स्पाइस’ ही गणिती प्रणाली १९७३ सालीं जगापुढें आली. तिच्याच वंशांतील ‘एनजीस्पाइस’ आज वापरांत आहे. आकृति व पीसीबी यांसाठीं ‘कीकॅड’ आहे. फ्रान्समधील झां-पियेर शारास यांनीं १९९२ सालीं तिचा आरंभ केला. पवईच्या आयआयटी मुंबईंतील ‘फॉसी’ प्रकल्पानें अशा प्रणालींची सांगड घालून ‘ईसिम’ सिद्ध केली. तिचें पूर्वींचें नांव ‘ऑस्कॅड’.

साधन आहे, पण तें विद्यार्थ्याच्या कानीं जावें कसें? येथें मासिकांचें कार्य सुरू होतें. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हें मासिक दिल्लीहून १९६९ सालीं निघालें. त्याच प्रकाशकांनीं २००३ सालीं ‘लिनक्स फॉर यू’ काढलें. २०१२ सालीं त्याचें नांव ‘ओपन सोर्स फॉर यू’ झालें. त्याच्या अंकासोबत प्रणालींची तबकडी येत असे. इंटरनेट मंद असलेल्या गांवीं त्या तबकडीचें मोल मोठें होतें.

तथापि केवळ स्तुतिपर लेखांनीं प्रसार होत नाहीं. छापलेली आकृति मुकी असते. तिच्यासोबत मुक्त प्रणालींतील मूळ फाइल दिली, तर वाचक ती घरीं उघडतो, आंकडे बदलतो आणि परिणाम पाहतो. फाइल कोणत्या आवृत्तींत केली, हेंही संपादकांनीं छापावें; नाहींतर ती उघडतांना नवशिका अडतो आणि प्रणालीलाच दोष देतो. या साधनांच्या मर्यादाही लपवूं नयेत. संगणक गणित अचूक करील. पण सुट्या भागाचें वर्णनच चुकीचें असेल, तर उत्तरही चुकीचेंच येईल. पंपाची वीज तर जिवाशीं गांठ घालणारी. तेथें जाणत्या माणसाची देखरेख हवीच.

असें झाल्यास पावसच्या टाकीवर पारखलेला फेरफार पुढील अंकांत छापून येईल. नागपूरचा वाचक तो उघडून आपल्या विहिरीला जुळवील आणि त्यांतील चूकही कळवील. वाचकाच्या हातून मासिकाकडे असें कांहीं परत येऊं लागलें, म्हणजेच प्रसार झाला असें समजावें.